उरलेल्यांचा पट

"काकू, तो फुगा जरा अलीकडं सरकवा की."

2025च्या जानेवारीतली संध्याकाळ. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई माझ्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या आणि आम्ही दोघी मिळून त्यांच्या धाकट्याचा आरटीईचा अर्ज भरत होतो. आरटीई हा खरं तर शिक्षणहक्क कायदा. पण आमच्या भागात 'आरटीईत नंबर लागला' म्हणजे खासगी इंग्रजी शाळेत फुकट जागा मिळाली, एवढाच त्याचा अर्थ उरलाय. अर्जात एक नकाशा उघडतो, त्यावर लाल फुगा असतो, तो आपल्या घरावर नेऊन ठेवायचा. तिथून शाळेचं अंतर मोजलं जातं. त्या वर्षीचा नियम असा: एक किलोमीटरच्या आत असाल तर आधी विचार, तीनपर्यंत असाल तर नंतर. ताईंच्या मनातली शाळा त्यांच्या खोलीपासून सव्वा किलोमीटरवर होती.

मी फुगा सरकवला नाही. त्याचा फार अभिमान वाटतो असंही नाही. पडताळणीत पकडलं गेलं तर प्रवेशच रद्द होईल ही भीती त्यात जास्त होती. रहिवासाच्या पुराव्याने आधीच घाम फोडला होता. रेशनकार्ड गावाकडचं, आधारवर जुना पत्ता, आणि घरमालक भाडेकरार नोंदवायला तयार नाही, कारण नोंदवला तर त्याला भाडं दाखवावं लागणार. शेवटी बँकेच्या पासबुकावर निभावलं. मला दीड तास लागला, आणि मी इंटरनेट बऱ्यापैकी वापरणारी बाई आहे. आईबापांना 'निवडीचं स्वातंत्र्य' मिळालं पाहिजे असं कुणी म्हणालं की मला हा दीड तास आठवतो.

व्हाउचर हा शब्द आपल्याकडे अजून हॉटेलच्या जेवणाशी आणि ऑनलाइन खरेदीशीच जोडलेला आहे. शिक्षणातलं व्हाउचर म्हणजे सरकारने शाळेला पैसे न देता ते मुलाच्या नावाने द्यायचे. आईबाप ज्या शाळेत नाव घालतील तिच्याकडे ते वळतील. शिकागो विद्यापीठातले अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्ये ही कल्पना मांडली. शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा हे ठीक, पण म्हणून शाळाही सरकारनेच चालवल्या पाहिजेत असं कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न. आपल्याकडेही अधूनमधून कुणीतरी तो नव्याने विचारतं. जिल्हा परिषदेच्या मास्तरला एवढा पगार, तरी पाचवीच्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. त्यापेक्षा तेच पैसे पालकाच्या खात्यात टाका ना! प्रश्न वावगा नाही. माझं म्हणणं एवढंच, की उत्तर शोधायला शिकागोला जायची गरज नाही. महाराष्ट्रात हा प्रयोग तीन वेगवेगळ्या नावांनी कधीपासून चालू आहे. त्यातून मला दिसतं ते असं: पैसा मुलामागे गेला की निघून जाणाऱ्या मुलाचा हिशेब लागतो, मागे राहणाऱ्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

पहिलं नाव अर्थातच आरटीई. 2009च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने विनाअनुदानित खासगी शाळांना पहिलीच्या पातळीवर 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या. त्या मुलांमागे सरकार शाळेला परतावा देतं. सरकारी शाळेत दर मुलामागे जो खर्च येतो तो, किंवा त्या शाळेची फी, यातलं जे कमी असेल ते. महाराष्ट्रात हा दर गेली काही वर्षं 17,670 रुपये आहे. दुसरं नाव आदिवासी विकास विभागाच्या नामांकित शाळा योजनेचं. आदिवासी मुलांना खासगी इंग्रजी निवासी शाळांत पाठवायचं आणि दर मुलामागे त्या संस्थेला वर्षाला पन्नास हजार किंवा त्याहून जास्त द्यायचे. त्याच विभागाच्या आश्रमशाळा मात्र पाण्याच्या टाकीपासून अधीक्षिकेच्या रिकाम्या जागेपर्यंत जशा होत्या तशाच.

तिसरं नाव सगळ्यात जुनं, आणि त्याला व्हाउचर म्हणायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. त्याला आपण पट म्हणतो.

अनुदानित शाळा ही आपल्याकडची अजब चीज आहे. शाळा खासगी संस्थेची, पगार सरकारचा. ब्रिटिशांचं शिक्षणधोरण ठरवणाऱ्या 1854च्या वूडच्या खलित्यापासून ही रीत चालत आलीय. त्यातून रयत शिक्षण संस्थेसारखी अफाट कामंही उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. पण या शाळांना किती शिक्षक मिळणार हे पटावर ठरतं. 30 सप्टेंबरला पटावर मुलं किती, त्यावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, होते. दोन मुलं कमी पडली की तुकडी तुटते, तुकडी तुटली की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, आणि अतिरिक्त ठरलेल्याचं समायोजन जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. म्हणजे पैसा मुलामागेच जातो. फक्त तो पालकाच्या हातातून न जाता हजेरीपटातून जातो. फ्रीडमनसाहेबांना हवी होती ती स्पर्धा आमच्या तालुक्यांत कित्येक वर्षं सुखेनैव चालू आहे.

ती दिसते कशी, ते सांगते. माझा एक चुलतभाऊ सांगली जिल्ह्यात अनुदानित शाळेत शिकवतो. एप्रिलच्या परीक्षा संपल्या की त्याच्या मोटारसायकलच्या डिकीत पाचवी प्रवेशाचे कोरे अर्ज असतात. उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर फिरायचं, चौथी पास झालेल्या पोराच्या घरी जाऊन बसायचं, चहा घ्यायचा. 'दोन गणवेश देतो, दप्तर देतो, परीक्षा फी आमच्याकडं लागली.' मुलगी असली आणि शाळा लांब असली तर सायकल. दुसऱ्या संस्थेचे मास्तर आदल्या दिवशी येऊन गेलेले असतात, त्यांनी व्हॅन कबूल केलेली असते. मग याच्या शाळेतल्या सातआठ जणांनी पगारातून वर्गणी काढली आणि व्हॅन लावली. एका मे महिन्यात मी त्याला विचारलं, "अरे, पण शाळेत शिकवतोस काय, हे कुणी विचारतं का?" तो म्हणाला, "ताई, व्हॅन दारापर्यंत येते का, एवढंच विचारतात." पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. व्हॅन दिसते. भागाकार कसा शिकवतात ते दारात उभं राहून दिसत नाही.

आणि हीच स्पर्धा टोकाला गेली की काय होतं, तेही आपण पाहिलंय. 2011च्या ऑक्टोबरात, 3 ते 5 तारखेला, राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. मतदानाला लावतात तसली शाई मुलांच्या बोटांना लावली, म्हणजे सकाळी एका शाळेत बसलेलं पोर दुपारी दुसऱ्या शाळेत बसवता येऊ नये. शाळेत जाणाऱ्या लेकराच्या बोटाला शाई लावायची वेळ आली! लाखो नावं हजेरीपटावर होती आणि त्यांची मुलं कुठेच नव्हती. त्यांच्या नावाने तुकड्या होत्या, पगार होते. मुलामागे पैसा जातो म्हटल्यावर काहींनी थेट मुलंच तयार केली.

आता माझ्या बाजूला न परवडणारी एक गोष्ट सांगायला हवी.

9 फेब्रुवारी 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने आरटीईचे नियम बदलले. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला 25 टक्क्यांतून मोकळीक. कर्नाटकने 2019 मध्ये हीच वाट धरली होती. कागदावर युक्तिवाद बिनतोड: दारात सरकारी शाळा असताना खासगी शाळेला पैसे कशाला? खरं तर माझ्यासारखीला आनंद व्हायला हवा होता. पैसा सार्वजनिक शाळेकडेच राहणार, मुलंही तिकडेच जाणार. नव्या नियमाप्रमाणे नोंदणी झाली तेव्हा सरकारी आणि अनुदानित शाळा धरून जागा नऊ लाखांच्या वर होत्या. अर्ज आले सत्तर हजारांच्याही आत.

मग 6 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नियमाला स्थगिती दिली, 19 जुलैला तो रद्दच केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. खासगी शाळांचे दरवाजे पुन्हा उघडले. एक लाख पाच हजारांच्या आसपास जागा, आणि अर्ज दोन लाख चाळीस हजारांच्या घरात. 2025 साठी तर तीन लाखांच्या वर गेले.

जिथे अर्जाशिवायही नाव घालता येतं त्या शाळेसाठी लाल फुगा कोण सरकवत बसेल, हे खरंच. तरीही आकड्यांनी सांगायचं ते सांगितलं. गरिबातल्या गरीब आईबापांनाही आपलं पोर दारातल्या सरकारी शाळेत नको आहे. त्यांना इंग्रजीचा मोह आहे, बूट-टायचं आकर्षण आहे, असं म्हणून हसायचा अधिकार आम्हाला नाही. सार्वजनिक शाळांचा कैवार घेणाऱ्या आम्हा लिहित्या मंडळींची पोरं शिकली कुठे? माझा मुलगा मराठी अनुदानित शाळेत शिकला, ते मी अनेक वर्षं मिरवलं. नात सीबीएसईत आहे. जे आम्ही आधी केलं तेच ताई आता करू पाहतायत. आमच्यात आणि त्यांच्यात फरक फुग्याचा.

म्हणून 2024चा तो नियम मला तेव्हाही पटला नाही. शाळा सुधारायची नाही आणि बाहेर पडायचं दार तेवढं लावून घ्यायचं, याला सार्वजनिक शिक्षणाचा बचाव म्हणत नाहीत. त्यामागे थकलेल्या बिलांची चिंताही होतीच. संस्थाचालकांच्या संघटना परताव्याची थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे सांगतात, आणि करोनाच्या दोन वर्षांत तर सरकारने हा दर 17,670 वरून 8,000 वर आणला होता.

शिवाय आरटीईच्या 25 टक्क्यांत एक गोष्ट अशी आहे, जी शुद्ध व्हाउचरमध्ये नसते. ती म्हणजे सोडत. शाळेला मूल निवडता येत नाही. मुलाखत नाही, वरून फी नाही, 'बाबा काय करतात' हा प्रश्न नाही. दिल्लीतल्या श्रीमंत शाळांमध्ये अशा कोट्यातून गरीब मुलं आल्यावर काय झालं, याचा गौतम राव यांनी अभ्यास केला. गरीब वर्गमित्रांबरोबर वाढलेली पैसेवाल्यांची मुलं जास्त उदार निघाली, गरिबांशी दुजाभाव कमी करू लागली. ही कमाई छोटी नाही. एरवी आपल्या शहरांत ही दोन मुलं भेटतात ती लिफ्टमध्ये, आणि तीही एकाच्या हातात दुसऱ्याच्या घरचा डबा असताना.

पण याच योजनेच्या फटी पाहिल्या की मोठं व्हाउचर आलं तर काय होईल याचा अंदाज येतो. छत्तीसगडमधल्या एका अभ्यासात दिसलं, की कोट्यातून लाभ मिळालेली बहुतेक मुलं कोटा नसता तरी कुठल्या ना कुठल्या खासगी शाळेतच गेली असती. म्हणजे सरकारी शाळेतल्या मुलाला बाहेर काढायला निघालेला पैसा आधीच बाहेर असलेल्याला मिळाला. अमेरिकेतल्या ॲरिझोनाने 2022 मध्ये उत्पन्नाची अट न ठेवता सगळ्यांनाच व्हाउचरसारखे पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा सुरुवातीच्या अर्जदारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलं सरकारी शाळेत नव्हतीच. देश वेगळे, दाराशी रांगेत पहिला उभा राहणारा माणूस तोच. ज्याला अर्ज कळतो, ज्याच्याकडे कागद आहेत, ज्याला दीड तास आहे.

व्हाउचरचा प्रयोग संपूर्ण देशभर, दीर्घकाळ, जवळजवळ पुस्तकात लिहिल्याप्रमाणे कुठे झाला असेल तर चिलीमध्ये. 1981 मध्ये, पिनोशेची लष्करी राजवट असताना. फ्रीडमन यांच्या शिकागो विद्यापीठात शिकून आलेले अर्थतज्ज्ञ सरकारात होते. सरकारी शाळा नगरपालिकांकडे सोपवल्या आणि दर मुलामागे ठरावीक रक्कम, शाळा नगरपालिकेची असो की खासगी. तोपर्यंत सुमारे 78 टक्के मुलं सरकारी शाळांत होती. दहाएक वर्षांत ती साठ टक्क्यांपर्यंत आली, आणि 2015च्या सुमारास चाळीसच्याही खाली. शाळा धडाधड उघडल्या. 1993 पासून व्हाउचर घेणाऱ्या खासगी शाळांना वरून फी घ्यायचीही मुभा मिळाली. शाळा मुलांच्या परीक्षा घेत, आईबापांच्या मुलाखती घेत, काही ठिकाणी लग्नाचा दाखला मागत. निवड पालक करणार होते. प्रत्यक्षात निवड शाळा करू लागल्या. आपल्याकडे ज्युनिअर केजीच्या प्रवेशाला ज्यांनी रांग लावलीय त्यांना यात नवल वाटणार नाही.

आणि शिक्षण? चँग-ताई शिए आणि मिगेल उर्किओला या दोन अर्थतज्ज्ञांनी दीडशेच्या आसपास नगरपालिकांची आकडेवारी तपासून 2006 मध्ये लिहिलं: जिथे खासगी शाळा जास्त वाढल्या, तिथे सरासरी गुणवत्ता वाढल्याचा पुरावा नाही. वाढली ती वर्गवारी. सरकारी शाळांतली बऱ्या परिस्थितीतली मुलं उठून खासगीत गेली, मागे उरलेल्यांची शाळा आणखी गरीब झाली. मला या निष्कर्षातला बारकावा महत्त्वाचा वाटतो. खासगी शाळेचा निकाल चांगला दिसतो, सरकारीचा घसरतो. लोक म्हणतात बघा, खासगी चांगली. प्रत्यक्षात मुलं इकडची तिकडे झाली, एकंदर बेरीज तेवढीच राहिली.

त्याच 2006 मध्ये चिलीतली शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली. गडद कोट आणि पांढरा शर्ट असा गणवेश, म्हणून त्यांना 'पेंग्विन' म्हणायचे. 2011 मध्ये पुन्हा, याहून मोठ्या संख्येने. 2008 मध्ये सरकारने नियम बदलला: गरीब मुलामागे जास्त रक्कम. 2015च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना नफा कमवायला, वरून फी घ्यायला आणि मुलं निवडायला बंदी घातली, आणि प्रवेश हळूहळू एका सामाईक पद्धतीत आणले, जिथे जागेपेक्षा अर्ज जास्त झाले की चिठ्ठ्या पडतात. म्हणजे चौतीस वर्षांनी चिली फिरून जिथे आला ते ठिकाण आपल्या आरटीईच्या सोडतीच्या बरंच जवळ आहे! आपल्याकडच्या व्हाउचरवाल्यांना मात्र अजून 1981च हवं आहे.

स्वीडनचं थोडक्यात. 1992 मध्ये तिथे व्हाउचर आलं, शाळा चालवणाऱ्या कंपन्या आल्या, आणि 2013 मध्ये जेबी एज्युकेशन नावाची मोठी कंपनी बुडाली तेव्हा दहा हजारांवर विद्यार्थ्यांना नवी शाळा शोधावी लागली किंवा शाळेला नवा मालक.

आंध्रचं मात्र थोडक्यात उरकणं अप्रामाणिक होईल, कारण तो भारतातला सगळ्यात काटेकोर प्रयोग आहे आणि माझ्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा देत नाही. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तिथल्या 180 गावांत सोडतीने व्हाउचर दिली आणि चार वर्षं मुलांवर लक्ष ठेवलं. तेलुगू आणि गणितात व्हाउचरवाल्या मुलांत आणि सरकारी शाळेतल्या मुलांत फरक पडला नाही. हिंदीत खासगीवाली मुलं पुढे गेली, कारण सरकारी शाळांत ती जवळजवळ शिकवतच नव्हते. पण खासगी शाळेचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी होता. आणि सरकारी शाळेत मागे राहिलेल्या मुलांचं शिक्षणही त्यामुळे खालावलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. मागे उरलेल्यांचं नुकसान होतं असं मी म्हणत आलेय, आणि इथे ते मोजायला गेल्यावर सापडलं नाही. माझं उत्तर असं, की चार वर्षांत शाळा उभीच होती. शिक्षक तेच, खोल्या त्याच, उलट वर्गात चार डोकी कमी. प्रयोग करणाऱ्यांनी कुणाच्या शिक्षकाला अतिरिक्त ठरवलं नाही. महाराष्ट्रात नुकसान होतं ते पोरं गेल्याने नव्हे, पोरं गेल्यावर सरकार जे करतं त्याने. आणि खर्च कमी होता तो कशाने? खासगी शाळेच्या बाई सरकारी शिक्षकाच्या कितीतरी कमी पगारात शिकवत होत्या म्हणून. आपल्याकडेही इंग्रजी शाळेत आठ-दहा हजारांवर शिकवणाऱ्या बीएड झालेल्या मुली गल्लोगल्ली आहेत. याला कार्यक्षमता म्हणायचं की पिळवणूक, यावर माझं आणि व्हाउचरवाल्या मित्रांचं कधीच एकमत होत नाही.

तर, पोरं गेल्यावर आपलं सरकार काय करतं? हिशेब करू. वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत 24 मुलं आहेत, दोन शिक्षक. रस्ता झाला, इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वस्तीपर्यंत यायला लागली, आठ मुलं गेली. उरली सोळा. खर्च एक तृतीयांशाने कमी झाला का? खोली तेवढीच, खिचडीची चूल तेवढीच, वर्ग चारच. शिक्षक अर्धा करता येत नाही. दर मुलामागचा खर्च मात्र कागदावर दीडपट झाला, आणि मंत्रालयात कुणीतरी म्हणतो, एवढा खर्च सोळा पोरांवर? 2023 मध्ये हेच झालं. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा निघाल्या, त्यांत 1,85,467 मुलं. त्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचा विचार पुढे आला. अशी समूह शाळा आधीच झालेल्या तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले दिले गेले. पुढे 15 मार्च 2024च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी आवळले, आणि त्या सप्टेंबरात शिक्षक शाळा बंद ठेवून रस्त्यावर आले.

या 1,85,467 मुलांना व्हाउचर द्या, म्हणे. ती कुठे वठवायची? खासगी शाळा तिथे जात नाही, कारण तिथे पट नाही. निघून जाऊ शकणारी गेलीच. उरतात कोण? मेंढपाळांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, ज्या मुलीला भावाला गाडीत बसवून स्वतः चालत शाळेत जावं लागतं ती, आणि ज्याला शिकायला जरा वेळ लागतो म्हणून दुसऱ्या शाळेने गोड शब्दांत दाखला हातात दिला तो. गावातला बोलका पालक, जो गटशिक्षणाधिकाऱ्याला फोन करून 'बाई तीन दिवस आल्या नाहीत' म्हणून सांगायचा, त्याचं पोर आता पिवळ्या गाडीत. मला सगळ्यात मोठं नुकसान हे वाटतं, आणि ते कुठल्याही चाचणीच्या गुणांत येत नाही.

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सांगितलं, की सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाकडे जातो. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. पुढे 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. शाळा रयतेपर्यंत जावी असं या दोघांचं म्हणणं. रयतेने शाळा शोधत फिरावं, असं कुणी म्हणालं नव्हतं.

मग काय करायचं? मी 25 टक्क्यांच्या विरोधात नाही, उलट ती सोडत दहावीपर्यंत न्यावी असं माझं मत आहे. आठवीनंतर पोरांना पुन्हा फीच्या खिडकीपुढे उभं करणं हा कायद्यातला कोतेपणा आहे. थकलेले पैसे वेळेवर द्यावेत, म्हणजे शाळांना 'आरटीईची मुलं' असा वेगळा कप्पा करायला निमित्त मिळणार नाही. पण खरं काम दुसरीकडे आहे. शिक्षक डोकी मोजून देऊ नका, ओझं मोजून द्या. सोळा मुलांच्या शाळेत चार वर्ग एकाच खोलीत असतील तर तिला जास्त लागतं, कमी नाही. चिलीला हे 2008 मध्ये कळलं. आणि जो शिक्षक आहे त्याला निदान वर्गात तरी राहू द्या. मतदार याद्या, सर्वेक्षणं, रोज नवं ॲप, प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो अपलोड. खासगी शाळेतल्या बाईंना पगार कमी असेल, पण त्यांना कुणी तासाच्या मधून उठवून मतदार यादी दुरुस्त करायला धाडत नाही. ही तुलना कुठलाच व्हाउचरवाला करत नाही.

लोक परत येतात, हेही दिसलंय. करोनानंतर, ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या 2022च्या अहवालात, देशाच्या ग्रामीण भागातली 72.9 टक्के मुलं सरकारी शाळांत होती. 2018 मध्ये ती 65.6 टक्के होती. हातात पैसा नव्हता म्हणून आली, हे मान्य. पण आली होती. त्यांना धरून ठेवायला दोन वर्षं मिळाली होती. 2024 मध्ये आकडा पुन्हा 66.8.

ताईंच्या धाकट्याचा नंबर लागला नाही. फेब्रुवारीत सोडत निघाली, संदेश आला नाही, प्रतीक्षा यादीतही नाव नव्हतं. फुगा सरकवला असता तर लागला असता का, हे त्यांनी मला विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. तो आता त्यांच्या खोलीपासून चार मिनिटांवरच्या महापालिकेच्या शाळेत पहिलीत आहे. मोठी मुलगी आरटीईतून इंग्रजी शाळेत होती, ती जूनमध्ये नववीत गेली आणि तिच्या हातात पहिल्यांदा फीची पावती आली. ताईंनी दोन घरांची कामं वाढवली.

परवा त्या उशिरा आल्या. धाकट्याच्या वर्गात गेल्या होत्या म्हणाल्या.

"बाई चांगल्या आहेत हो त्याच्या. एकेकाला जवळ घेऊन शिकवतात. पण आज नव्हत्या. दोन वर्ग एकत्र बसवले होते आणि शिपाईमामा दारात उभे. म्हणलं, कुठं गेल्या बाई?"

"कुठं?"

"मतदार यादीला."